दस्त्यावरची खोबण

सूनबाई, विश्वास ठेवायचा तर कुणावर? तुझ्या सासऱ्यावर, की एका लाकडावर? घाई करू नकोस. मी स्वतः लाकडाच्या बाजूनं आहे.

संस्थान मध्यभारतात गेलं त्या सालची गोष्ट. शिकारखाना मोडला, माणसं पांगली, आणि नया बाजारातल्या आपल्या दुकानात जुन्या बंदुका येऊ लागल्या. मला हे काम कुणी शिकवलं नव्हतं. खुर्च्यांचे हात करता करता बंदुकांचे दस्ते करायला लागलो, आणि गिऱ्हाइकाला बेधडक 'विलायती काम' म्हणून सांगायचो.

एका दुपारी विजयाबाई आल्या. त्यांचे यजमान संभाजीराव शिकारखान्यात होते, हिवाळ्यात वारले. सरकारी घर सोडून बाई भावाच्या मळ्यावर निघाल्या होत्या. तिथं बिबट्याचा त्रास, म्हणून रायफलीचं लायसन आपल्या नावावर करून घेतलेलं. दस्ता दोन बोटं आखूड हवा होता. जाताना म्हणाल्या, "गालाची खोबण तेवढी राहू द्या."

तीस वर्षं नेम धरून संभाजीरावांच्या गालानं अक्रोडाच्या लाकडात खोबण पडली होती. पण जुनी वस्तू नवी दिसली की गिऱ्हाईक खूश होतं, असा माझा अनुभव. काचेच्या तुकड्यानं खरवडून मी ती सपाट केली. वर जवसाचं तेल चोळलं. वास मात्र लवंगेचा आला… संभाजीराव कायम दाढेत लवंग धरायचे, हे गावात सगळ्यांना ठाऊक.

रायफल परत देण्याआधी एक गोळी स्वतः झाडून बघायची, हा आपल्या दुकानाचा रिवाज. ऊन कलताना गावाबाहेरच्या कोरड्या ओढ्यात एकटाच गेलो. पाखरूसुद्धा बोलत नव्हतं. दस्त्याला गाल लावला, तर लाकूड कोमट. आणि टोचलं… दोन दिवसांची दाढी टोचते तसं. दचकून मागं झालो. पुन्हा लावला. या वेळी माझा गाल हळूच बाजूला सारला गेला, झोपेत तुझी सासू उशीवरून सारते तसा. कानाशी लवंगेचा श्वास आला.

"सरका, शेठ…"

सरकलो. रायफल बाभळीच्या बेचक्यात बांधली, चापाला दोरी लावली आणि वीस पावलांवरून ओढली. नळी फाटली. मागचा बोल्ट उडून दरडीत वीतभर रुतला. त्याच्या वाटेत माझा डोळा असता.

भुसा जाऊ नये म्हणून नळीत चिंधी मीच कोंबली होती. विसरलोही मीच.

विजयाबाईंना सगळं सांगितलं, खोबण खरवडल्याचंही. दुसरी रायफल घेऊन देतो म्हणालो, आणि दिली. त्यांनी दस्त्यावरून हात फिरवला.

"खोबण आहे की."

होती. बोट बुडेल एवढी. खरवडलेला भुसा अजून दुकानात पडलेला…

"हा तुमच्याकडेच ठेवा," बाई शांतपणे म्हणाल्या. "आता तुमची त्यांची ओळख झालीय."

तेव्हापासून दर खंडेनवमीला मी दस्त्याला फूल वाहतो, लवंग ठेवतो आणि खोबणीचं माप वहीत लिहितो. माझे डोळे, नंतर झालेला तुझा नवरा, हे घर, सगळं त्या एका सरकण्यानं मिळालं. संभाजीरावांचे उपकार फिटायचे नाहीत.

त्यांची खोबण होती तेवढीच आहे. पण तीन वर्षांपासून दस्त्याच्या दुसऱ्या अंगाला आणखी एक पडतेय, दरसाल थोडी खोल होत. यंदा मी तिला गाल लावून पाहिला. बरोबर बसला.

माझा हात आता कापतो, राजलक्ष्मी. पुढचं माप तू घे. भरेल तेवढंच लिही. मला बरं वाटावं म्हणून कमी लिहू नकोस.