रुखमा मावशीचा अंगठा

आईला अंगठा द्यायला घेऊन जायचं, एवढंच काम होतं. दहा मिनिटांचं. पण आज करू, उद्या करू म्हणत हरिओमनं ते मार्चअखेरीवर आणून ठेवलं, आणि शेवटी वेळ निवडली तीही रविवारची, भर दुपारी बाराची. केंद्राला सुट्टी, रस्त्यावर चिटपाखरू नाही. केंद्रचालक तोच, किल्ली त्याच्याच खिशात, तेव्हा विचारणारं कोणी नव्हतं. सरळ काम माणूस असं दडून करत नाही, हे त्यालाही कळत होतं.

धाडकडे जाणाऱ्या रस्त्याला गावाबाहेर एक सूतगिरणी होती. तेवीस वर्षांपूर्वी ती बंद पडली. यंत्रं भंगारात गेली, पाठोपाठ भोंगाही गेला, आणि गाव पुढची वीस-बावीस वर्षं नुसत्या भिंती बघत राहिलं. मग योजना आली. गिरणीच्या इमारतीत लोकसेवा केंद्र, सगळे दाखले एका खिडकीत. मागं कामगारांची पडकी चाळ होती, तिच्या जागी पक्की घरं. घर मिळणार ते जुन्या कामगारांपैकी जो हयात असेल त्याला. हयात कोण, ते यंत्र सांगणार. काचेवर अंगठा ठेवायचा, नाव उमटतं. पहिल्या वर्षी नोंदणी, मग दर मार्चला पडताळणी; यंदाची पहिलीच. अंगठा जुळला नाही तर तालुक्याहून चौकशी येते, आणि जुन्या नोंदी उकरल्या जातात.

हरिओमला घर जाण्याची नव्हती एवढी भीती त्या उकरण्याची होती.

त्याची आई सुभद्राबाई गिरणीत तुटलेलं सूत सांधायची. अठरा वर्षं दोन बोटांत सूत धरून पीळ द्यायचा, धरून पीळ द्यायचा. बोटांवरच्या रेषा त्या सुतानं पुसून नेल्या. गिरणी गेली, पण रेषा काही परत आल्या नाहीत. नोंदणीच्या दिवशी तिचा अंगठा सात वेळा काचेवर ठेवून झाला, यंत्र ढिम्म. अशा माणसांसाठी वेगळा अर्ज होता. दोन महिने लागले असते, एवढंच. पण पुढच्या आठवड्यात उद्घाटन, बुलढाण्याहून साहेब येणार, फलकावर 'प्रलंबित : शून्य' असं लिहायचं ठरलेलं, आणि केंद्रचालकाच्या आईचंच प्रकरण लोंबकळत ठेवायचं कसं?

रांगेत रुखमाबाई बसली होती. गिरणीच्या पाळणाघरातली दाई. तिनं कधी सूत हाती धरलं नाही, तेव्हा तिच्या अंगठ्यावरच्या रेषा शाबूत होत्या. आया पाळीवर गेल्या की लेकरं तिच्या हवाली. लेकरू रडायचं थांबलं नाही की रुखमाबाई आपला उजवा अंगठा त्याच्या तोंडात द्यायची. त्या अंगठ्यावर एक आडवा व्रण होता. "हे तुह्याच पहिल्या दाताचं काम हाय बरं," असं ती हरिओमला तो चाळिशीला टेकला तरी हसून सांगायची.

"मावशी, इकडं ये. मशीन तपासायची आहे. जरा अंगठा ठेव."

तिनं ठेवला. कशासाठी, हे तिनं विचारलंही नाही. यंत्रानं तो एका दमात घेतला, आणि पडद्यावर नाव उमटलं सुभद्राबाईचं.

तासाभरानं रुखमाबाईची स्वतःची पाळी आली तेव्हा यंत्र म्हणालं, हा अंगठा आधीच नोंदला आहे. हरिओम म्हणाला, मशीन बिघडली, परवा ये. ती परवा आली. तेरवा आली. मग रोज येऊन दारातल्या बाकावर बसू लागली. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी त्यानं तिला बाकावरून उठवलं, आणि आत येऊन तिच्या नावापुढं 'मृत' हा पर्याय दाबला. पंच म्हणून चहाच्या टपरीवरच्या दोघांच्या सह्या घेतल्या. पुढं दुरुस्त करू, असं त्यानं स्वतःला बजावलं. पुढं म्हणजे कधीच नाही, हे सरकारी माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. रुखमाबाई राहायची ती चाळ पाडली गेली, ती दुसरबीडला भाचीच्या ओसरीत जाऊन राहिली, आणि दिवाळीच्या आधी खरोखरच वारली. हरिओम मातीला गेला नाही. कुठल्या तोंडानं जाणार?

आता त्यानं कुलूप काढलं. आत कोंदट गरम हवा होती. आई हळूहळू येऊन काचेसमोरच्या खुर्चीत बसली आणि तिनं वर पाहिलं. केंद्राची ही खोली म्हणजे जुनं पाळणाघर. लोखंडी तुळईला सहा कड्या होत्या, लुगड्यांचे पाळणे बांधायच्या. रंगाऱ्यानं तुळईसकट त्यांना पिवळट रंग फासला होता.

"तू तिसऱ्या कडीचा," आई म्हणाली. "रुखमा कोनालेच रिकामा पाळणा हलवू देत नोहती. म्हने, रिकाम्यात कोनी बी येऊन निजते."

हरिओमनं यंत्र चालू केलं. तीनदा संधी होती. नोंदलेला अंगठा मातीत गेला होता, पण यंत्र एखाद्या वेळी चुकून आईचाही घेईल, एवढीच त्याची आशा होती. आईचा अंगठा धरून त्यानं काचेवर टेकवला. गुळगुळीत, थंडगार अंगठा.

जुळत नाही.

त्यानं तो पदरानं पुसला, पुन्हा ठेवला. जुळत नाही. त्याच वेळी वीज गेली. पंखा फिरत फिरत थांबला. बॅटरीवरच्या पडद्याचा उजेड तेवढा आईच्या तोंडावर राहिला. आणि मग हरिओमला वास आला. वेखंडाचा. लेकरांच्या टाळूला लावतात तो. गिरणी बंद झाल्यापासून त्या खोलीत वेखंड कोणी उगाळलं नव्हतं.

वर काहीतरी करकरलं. थांबलं. पुन्हा करकरलं, त्याच लयीत, वजन टांगलेलं असावं तसं. हरिओमनं मान वर करायला बराच वेळ घेतला. कड्या जिथल्या तिथं होत्या. फक्त तिसरीवरचा रंग तडकला होता, आणि त्याच्या पापड्या आईच्या खांद्यावर पडत होत्या.

"आई... आजून एकदा ठेव. मग आपण जाऊ."

"जुळन कसा, बाप्पा? माहा अंगठा तिथी हायच कुठी?"

"तुले कोनं सांगतलं?"

"जिचा हाय तिनं."

"मावशी तं... दिवाळीच्या आधीच..."

"हाव. तवापासूनच येते. रोज दुपारची येते, माह्यापाशी बसते." आई शांतपणे बोलत होती, शेजारणीबद्दल बोलावं तशी. "जित्ती होती तवा तू बसू देल्लं नाही न तिले."

जमिनीनं दुभंगून तिथंच आपल्याला पोटात घ्यावं, असं त्याला वाटलं. आईला हे कळू नये म्हणून त्यानं वर्षभर तिच्या नजरेला नजर दिली नव्हती, आणि तिला सगळं ठाऊक होतं. रोज दुपारी, तो इथं खुर्चीत बसून लोकांना खरेपणाचे दाखले छापून देत असताना, ती घरात त्याच्या पापाजवळ बसून असायची.

"चुकलो मी, आई," तो म्हणाला. "लई मोठी चूक झाली. मी उद्याच लिहून देतो. घर जाऊ दे, नोकरी जाऊ दे..."

"घर नाही मांगत रुखमा."

"मंग... काय मांगते?"

"म्हनते, माह्या नावापुढं तुह्या पोरानं मेली लिहिलं. माहा अंगठा तुह्या नावात हाय. मंग मी राहू कुठी... सांग." आईनं पदर सावरला. "म्या म्हटलं, माह्या पोरानं घेतलं, ते मलेच वापस कराले पाह्यजे."

"आई, थांब. आई..."

तिनं त्याचा हात बाजूला सारला आणि अंगठा आपणहून काचेवर ठेवला.

वरची करकर बंद झाली. पडद्यावर हिरवी पट्टी आली. सुभद्राबाई शंकरराव. जुळले. हयात.

वीज आली. पंखा फिरू लागला, वास गेला. हरिओमनं आईचा हात उलटा करून उजेडात धरला. अंगठ्यावर रेषा होत्या, बारीक, गोल, एकात एक. आणि त्यांच्यामधून आडवा गेलेला जुना व्रण.

"आई," त्यानं हाक मारली.

ती तुळईकडं पाहत होती. तिनं मान वळवली नाही.

"आई... चाल न घरी."

नाहीच. मग, मारू नये ती हाक त्यानं मारली, अगदी हळू.

"मावशी..."

"हाव रे बाप्पा," ती वळून हसली. "भूक लागली का तुले?"

घरी त्यानं अश्विनीला, आपल्या बायकोला, काही सांगितलं नाही. आईच्या डोक्यात ऊन चढलंय, म्हणाला. त्या रात्री अर्ज लिहायला बसला: मी खोटी नोंद केली. पुढं काय लिहायचं? वारली कोण आणि हयात कोण? रुखमाबाई हयात आहे असं लिहावं, तर मग सुभद्राबाई कुठं आहे, हे त्याला सांगावं लागलं असतं. कागद त्या एका ओळीवरच राहिला.

चौथ्या दिवशी दुपारी तो जेवायला घरी आला तर अश्विनी दारातच उभी होती, तोंडाला पदर लावून. आतल्या खोलीत म्हातारीनं छताच्या कडीला लुगडं बांधून पाळणा केला होता. आईचं लुगडं, हिरव्या काठाचं, ती नेहमी नेसायची तेच. एका हातानं पाळण्याची दोरी ओढत ती काहीतरी गुणगुणत होती.

"घरात लेकरू नाही, बाळ नाही," अश्विनी कुजबुजली. "मी म्हटलं, आत्याबाई, रिकामा पाळणा हलवू नये. तं मलेच म्हनतात, रिकामा कुठी हाय?"

हरिओम उंबऱ्यात थांबला. खरंच, पाळणा रिकामा वाटत नव्हता. लुगडं मधोमध ताणलं होतं, खाली झुकलं होतं, आणि प्रत्येक झोक्याला कडी करकरत होती.

म्हातारीनं त्याला पाहिलं आणि व्रणाचा अंगठा ओठांजवळ नेऊन गप्प राहायची खूण केली.

"हळू बोल, बाप्पा," ती म्हणाली. "सुभद्रा आताच निजली."

लुगड्याच्या आतून काहीतरी हललं. काठाच्या फटीतून दोन बोटं बाहेर आली, गुळगुळीत, आणि नसलेलं सूत चिमटीत धरून पीळ देऊ लागली. दोन पावलं टाकली असती तर हरिओमला आत पाहता आलं असतं. त्यानं टाकली नाहीत. अश्विनीला वाटलं, घाबरला. पण ती भीती नव्हती. आपल्या आईला तोंड दाखवायची त्याला लाज वाटत होती.