एलिसेओचा कोट

मी चित्रपटांसाठी कपडे करते. भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. पण या कोटाच्या बाह्या मी माझ्या हातांनी शिवल्या होत्या... मग खोटं कसं म्हणू?

जून १९९८. आराउकोच्या आखाताकाठचं कोळशाचं एक गाव. तिथली खाण समुद्राच्या तळाखालून जायची. ती बंद पडली होती आणि आम्ही खाणकामगारांवर चित्रपट करत होतो.

नवं कापड कितीही घासा, मळवा, ते नवंच दिसतं. म्हणून नायकासाठी जुना कोट मागायला मी गावातल्या एर्मेलिंदाबाईंकडे गेले. त्यांचा नवरा एलिसेओ एकोणतीस वर्षांपूर्वी खाली गेला, तो वर आलाच नाही. देहसुद्धा सापडला नाही. त्याचा कामाचा दुसरा कोट तेवढा घरी राहिला होता.

बाईंनी तो बराच वेळ मांडीवर धरला. मग म्हणाल्या, "ने पोरी. पेटीत कसर लागण्यापेक्षा कुणाच्या तरी अंगावर असू दे."

नटाचे हात आखूड. मी बाह्या दोन बोटं आत घेतल्या. आमचे कपडे कामगारांच्या सभागृहात ठेवलेले असत; कोट तिथे टांगला, कुलूप लावलं. किल्ली एकच, माझ्याकडे.

सकाळी आठला दार उघडलं...

बाह्या पुन्हा लांब होत्या.

माझा धागा कुठेच नव्हता. सुईची भोकंही नाहीत.

मी परत शिवल्या. जेवून आले...

पुन्हा लांब. आणि आता कोटातून पाणी गळत होतं. बोट जिभेला लावलं.

खारट.

मी बाईंना बोलावून आणलं. त्या घाबरल्या नाहीत. ओल्या बाहीवरून हात फिरवत राहिल्या. मग हळूच सांगितलं, की त्या सकाळी दोघांचं भांडण झालं होतं. रागाच्या भरात त्यांनी पाव बांधून दिलाच नाही. तो उपाशी खाली गेला.

त्या घरी गेल्या. पाव फडक्यात बांधून आणला आणि कोटाच्या खिशात ठेवला. दार लावून आम्ही दोघी पायरीवर बसलो.

आत...

कुणीतरी चावत होतं. सावकाश. दमून आलेला माणूस खातो तसं.

आवाज थांबल्यावर आत गेलो. कोट कोरडा ठाक. खिशात अर्धा पाव. त्यावर कोळशानं माखलेल्या बोटांचे ठसे.

बाईंनी तो हातात घेतला.

"अर्धा पोरीसाठी ठेवायचा. रोसाउरा दारात वाट बघायची त्याची."

रोसाउरा आता कुठे असते, मी विचारलं.

"त्याच्यानंतरच्या हिवाळ्यात गेली. न्यूमोनिया. सहा वर्षांची होती." त्यांनी पाव पदराआड घ्यावा तसा शालीत घेतला. "त्याला हे कोण सांगणार, पोरी?"

कोट मी परत दिला. पाच वर्षांनी बाई वारल्या आणि त्यांच्या सांगण्यावरून शेजारणीनं तो माझ्याकडे धाडला. निदान आता तरी दोघं भेटली असतील, असं वाटलं होतं मला.

पहिल्याच सकाळी कपाटाखाली पाणी होतं.

तेव्हापासून मी रोज पाव ठेवते. रोज ठरवते, आज त्याला सांगायचं.

आणि रोज मुकाट्यानं उरलेला अर्धा उचलते.