अण्णांचं डबिंग

खोटं वाटलं तर वाटू दे. मी होते तिथे, आणि त्याहून वाईट म्हणजे माऊस माझ्याच हातात होता.

बोईसर एमआयडीसी. गेल्या नोव्हेंबरातला मंगळवार. सकाळचे नऊ.

आमच्या केमिकल कंपनीत रोज नऊला ऑनलाइन मीटिंग असते. ती मी चालवते. प्लांटमधल्या एका खोलीतून चंद्रभान अण्णा मोबाईल समोर टेकवून यायचे. सातपाटीचे, रिटायर व्हायला आलेले, बोलणं अघळपघळ.

मॅनेजर विपुल सरांनी एक खेळ काढला होता. अण्णा बोलायला लागले की मी त्यांना म्यूट करायचे. त्यांना स्वतःहून आवाज चालू करता येऊ नये, ही सेटिंगही माझीच. मग त्यांच्या हलणाऱ्या ओठांवर विपुल सर आपला आवाज चढवायचे. अण्णांच्याच बोलीत.

"सायेब, बायकोनं आज सुकटपण दिलं नाय."

आमची हसून मुरकुंडी वळायची. अण्णांना सगळं ऐकू जायचं. ते ओशाळून हसायचे.

त्या मंगळवारी त्यांचे ओठ भराभर हलत होते. एका हाताने ते मागे दाराकडे दाखवत होते.

मी म्यूट दाबलं.

"सायेब, लय झोप येते... जरा आडवा होऊ काय?" विपुल सर म्हणाले.

अण्णा हसले नाहीत. नुसते बघत राहिले...

मग खाली घसरले. चौकटीत फक्त पाइप उरले.

"खरंच झोपला की," विपुल सर म्हणाले. सगळे हसले. मीही.

दार उघडलं तेव्हा उशीर झाला होता. आत गॅस सुटला होता आणि कडी बाहेरून अडकली होती. ऑफिसपासून ती खोली दोन मिनिटांवर आहे.

"शेवटी काय बोलले गो ते?" अण्णांच्या बायकोने, नर्मदाकाकूंनी मला विचारलं.

"नेटवर्क गेलं होतं, काकू."

तेरावं झालं. दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये विपुल सर बोलायला लागले. ओठ हलत होते, आवाज नव्हता.

"सर, म्यूटवर आहात."

लाल खूण तशीच होती. तरी आवाज आला...

"सायेब, गॅस सुटलाय. दार बाहेरून अडकलंय. कोणतरी या."

अण्णांचा आवाज. विपुल सरांच्या ओठांवर अगदी चपखल बसलेला.

कोणी हसलं नाही.

विपुल सर आजही शपथेवर सांगतात, ते फक्त उत्पादनाचे आकडे वाचत होते. दुसऱ्या दिवशी अक्षय. मग हिना. त्या मंगळवारी जे जे हसले, ते सगळे एकेक करून. सगळ्यांनी नोकरी सोडली.

माझी पाळी काही आली नाही. वाटलं, सुटले मी.

परवा दुपारी नर्मदाकाकूंचा फोन आला. पुन्हा तेच. "खरं सांग गो, काय बोलले ते?"

"नेटवर्क गेलं होतं, काकू," मी म्हटलं.



मग त्या रडायला लागल्या.

"मेलेल्या मानसाचा आवाज काढून चेष्टा करतेस गो? काय वाईट केलेलं त्यांनी तुझं?"

मी नाही काकू, मी नाही, असं सांगत राहिले. मी जितकं बोलले, तितक्या त्या जास्त रडल्या.

घसा बसलाय, असं घरच्यांना चिठ्ठीवर लिहून दिलंय. म्हणून हेही लिहूनच सांगतेय.