मागच्या डाव्या दाराचं लॉक

मोबाइल खिशात घाला बघू आधी. उजेड नको. ही गोष्ट महालिंग मिस्त्रीची. आपल्या नेसरीचाच माणूस, कोल्हापुरात गाड्यांची वायरिंग करायचा. गिऱ्हाईक तुटलं तरी बेहत्तर, पण बिघाड नसताना बिघाड सांगायचा नाही, असला खडूस सरळ. त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं म्हणून मी तुम्हाला सांगतोय, नाहीतर भुताखेतांच्या गप्पा मारायला मला काय धाड भरलीय.

साल दोन हजार तीन, नागपंचमीचा आदला दिवस. दुपारी दादासो नावाचा गिऱ्हाईक पांढरी मारुती घेऊन त्याच्या गॅरेजात आला. तक्रार साधी होती. गाडीला बाहेरून बसवून घेतलेलं सेंट्रल लॉक, आणि चार दारांतलं मागचं डावं तेवढं आपोआप उघडतंय. पावसाळ्यात असल्या गाड्या रोजच यायच्या. दार उघडमिट होऊन आतली वायर घासते, तिथं पाणी शिरलं की शॉर्ट होते, आणि लॉकचं बटण टुणकन वर येतं. महालिंगनं दाराचं आतलं पॅड काढलं. वायर नवी कोरी निघाली. टेस्ट लॅम्प लावला, मोटर तपासली. कुठं काही नाही.

"कवा उघडतंय?"

"रात्रीचं. बावड्याच्या वळणावर, कारखान्याकडं रस्ता फुटतोय की, तितं. दुसरीकडं कुटं न्हाय."

महालिंगचा हात थांबला. ते वळण त्याला माहीत होतं.

त्याच वर्षी जानेवारीत दादासोची नऊ वर्षांची पोरगी, प्रीती, त्या वळणावर गेली. हंगाम जोरात, डाव्या बाजूला उसाच्या ट्रॉल्यांची रांग, रस्ता तुंबलेला. ट्रॉली थांबली की ऊस ओढायचा, हे आपल्याकडं कुणी केलं नाही? तुम्हीही केलंय, हसू नका. पोरीनं गाडीचं तेच मागचं डावं दार उघडलं, खाली उतरली, ऊस ओढला. आणि ट्रॉली हलली. आई, मीनाबाई, मागच्या सीटवर तिच्या शेजारीच होती. प्रीतीची एक रीत होती. ऊस गुडघ्यावर मोडायचा, शेंड्याकडचा पाणचट तुकडा स्वतः घ्यायचा आणि बुडख्याकडची गोड कांडी आईला द्यायची. पोरगी गुणाची होती हो.

"मग रात्रीचं त्या वाटंला जाताच कशाला?" महालिंगनं विचारलं.

"एकदा असंच येताना उघडलं. तवापासनं बायकू ऐकंना. म्हणती, पोरगी आत येतीया. लॉक वर आलं की सरकून जागा देती. जेवत न्हाय, झोपत न्हाय. मिस्त्री, कायमचं बंद करा. बंद झालं की तिला पटंल, पोरगी गेली म्हणून."

महालिंगला त्याचं म्हणणं पटलं. मलाही पटलं असतं. त्यानं दार लॉक करून मोटरच काढून घेतली. तेवढ्यावर भागलं नाही, म्हणून बटणापासून कुलपापर्यंत जाणारी लोखंडी काडीही सोडवून ठेवली. आता बटण वर ओढलं तरी कुलूप हलणार नव्हतं.

"ब्रह्मदेव आला तरी उघडायचं न्हाय," तो म्हणाला.

रात्री साडेनऊला तिघं निघाले. तुम्ही संगं असाल तर तिचा इस्वास बसंल, अशी गळ दादासोनंच घातली होती. पाऊस नव्हता. कारखाना बंद, हंगामाला अजून तीन महिने. वळण आलं तसं दादासोनं गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं. मीनाबाई मागच्या सीटवर उजवीकडं सरकून बसली.

सगळे बटणाकडं बघत राहिले.

बटण हललं नाही.

बराच वेळ गेला. दादासोनं श्वास सोडला.

"बघितलंस न्हवं? वायरिंगचा बिघाड हुता गं नुसता."

 आणि बाहेरून कुणीतरी हँडल ओढलं.

खट.

काचेतून रस्ता दिसत होता. पलीकडं शेत. माणूस नव्हतं...

खट... खट.

हळू. लहान हाताला जेवढा जोर असतो, तेवढाच.

"प्रीती... थांब बाळा, थांब."

मीनाबाईनं बटण वर ओढलं. बटण आलं. दार नाही. पुन्हा ओढलं. पुन्हा. बटण नुसतं तिच्या बोटांत खेळत होतं. तिनं महालिंगकडं बघितलं.

"मिस्त्री... उघडा की."

मोटर गॅरेजात होती. पाने गॅरेजात होते. त्यानं नुसतीच मान खाली घातली.

खट.

मग...

मग थांबलं.

मीनाबाई उजव्या दारानं उतरली आणि गाडीला वळसा घालून धावली. रस्ता मोकळा होता. तिनं हाका मारल्या. त्या हाका ऐकायला मी नव्हतो ते बरंच झालं, कारण महालिंग म्हातारा होऊन मरेपर्यंत त्या हाका सांगताना रडायचा.

दुसऱ्या दिवशी ऐन सणाला त्यानं मोटर, काडी, वायर, सगळं होतं तसं जोडून दिलं. दादासोनंच सांगितलं होतं, आता तोही रडत होता. नवराबायको पुढं कितीतरी वर्षं त्या वळणावर जाऊन थांबायची. मीनाबाई सरकून बसायची. लॉक परत कधी उघडलं नाही.

एवढंच म्हणून मी थांबलो असतो. पण त्या रात्री मीनाबाई डाव्या दाराशी पोचली, तेव्हा हँडलमध्ये उसाचा तुकडा अडकवलेला होता. नुकताच मोडलेला, रस गळत होता.

बुडख्याकडची कांडी होती.