टाकीतून आलेलं उत्तर

खोटं वाटलं तर वाटू द्या. मी एकदा खोट्या कागदावर सही केलेली आहे, त्यामुळे खरं काय आणि खोटं काय हे मला नीट कळतं.

हे खरं आहे.

गेल्या मे महिन्यातला मंगळवार. रायपूरला सड्डूच्या पुढे आमची आठ मजली इमारत उभी राहत होती. वेळ दुपारी पावणेबाराची. रात्र नव्हती, अमावस्या नव्हती. डोकं भाजून निघेल असं ऊन होतं आणि आम्ही सात जण जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीभोवती उभे होतो.

मी तिथला सेफ्टी सुपरवायझर, बुद्धभूषण. काम काय, तर पाहणीला कोणी आलं की हेल्मेट वाटायची आणि ते गेले की परत गोळा करायची.

त्या टाकीत त्याच्या नऊ महिने आधी भैय्यालालकाका गेले.

काका सेंट्रिंगचे मिस्त्री. आमच्याच पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, चार घरं सोडून राहायचे. स्लॅब पक्का झाला की आधाराला लावलेल्या फळ्या-बल्ल्या काढायला ते टाकीत उतरायचे. बंद टाकीत ओलं लाकूड कुजतं आणि आतली हवा खाऊन टाकतं. माणूस उतरतो आणि हाक मारायच्या आधी आडवा होतो.

काकांना हे माहीत होतं. म्हणून त्यांचा एक नियम होता. वर एक माणूस हातोडी घेऊन बसणार आणि काठावरच्या लोखंडी प्लेटवर तीन ठोके मारणार. म्हणजे, "आहेस का?" आतून दोन ठोके आले की, "आहे." उत्तर आलं नाही तर दोरी ओढायची.

मी ब्लोअर मागितला होता, आत ताजी हवा सोडणारा. तीनदा, लेखी. उत्तर आलं, "पुढच्या साइटला बघू."

काका गेले त्या दिवशी वर बसलेल्या माणसाला सिमेंटची गाडी खाली करायला नेलं. टाकीवर कोणीच उरलं नाही.

कंपनीने रिपोर्टमध्ये लिहिलं, 'कामगार दारू पिऊन स्वतःच्या मर्जीने उतरला.' पंचशील पाळणारा माणूस, आयुष्यात थेंबाला शिवला नव्हता. साक्षीदार म्हणून खाली सही माझी. नोकरी जाईल म्हणून केली. लाज वाटते, पण केली.

टाकी तशीच बंद केली. अर्धं सेंट्रिंग आतच राहिलं. मग मे महिन्यात फ्लॅटचा ताबा द्यायची घाई सुटली.

मंगळवारी झाकण काढलं तेव्हा कुबट वास आला. सुशील उतरणार होता. चाळिशीचा, दोन पोरींचा बाप, महासमुंदहून नवाच आलेला. ब्लोअर याही वेळी नव्हता.

"साहेब, हवा तपासल्याशिवाय नको," मी म्हणालो.

आमचे साइट मॅनेजर दिवाकर साहेब मोबाइलमध्ये बघत होते. "दोन तासांचं काम आहे यार. काहून आडवा येऊन राहिला तू?"

माझं काही चालणार नव्हतं. निदान काकांचा नियम तरी सुशीलला शिकवावा म्हणून मी हातोडी घेतली.

"हे पाय भैया, मी असे तीन ठोके मारीन."

टाकीत कोणी नव्हतं. शिडीसुद्धा अजून लावली नव्हती.

ठक. ठक. ठक.

आणि खालून...

ठक. ठक.

मिक्सर बंद होता. कुठेच काम चालू नव्हतं.

"इको आहे," दिवाकर साहेब म्हणाले.

मी पुन्हा तीन मारले. इको असेल तर तीनच यायला हवेत.

काहीच नाही...

मग दोन. सावकाश. आणि या वेळी जवळून, आमच्या पायांच्या अगदी खालून.

सुशीलने कमरेची दोरी सोडली आणि जमिनीवर ठेवली.

"मी नाही उतरत भैया. अंदर कोणी हाय."

"अंदर कोणी नाही. उतर."

"तं तुम्ही उतरा न साहेब."

साहेब ताडताड काठापर्यंत गेले. वाकून आत पाहिलं. काय दिसलं ते त्यांनी आजवर सांगितलेलं नाही. मागे सरले तेव्हा त्यांचे ओठ पांढरे पडले होते. बाजूला जाऊन त्यांनी फोन लावला.

दोन तासांत ब्लोअर आला.

विकत आणला नव्हता, भाड्याने आणला नव्हता. सिलतऱ्याला आमच्याच गोदामात पडून होता. गाडीवाला म्हणाला, दीड वर्षापासून तिथेच आहे.

दीड वर्षापासून.

हातोडी मी लांब फेकून दिली, नाहीतर कोणाच्या तरी डोक्यात घातली असती. माणसाने तीनदा मागितलं तर मिळालं नाही. मेलेल्याने ठोकलं तेव्हा दोन तासांत हजर.

संध्याकाळपर्यंत आत हवा सोडली. मग उतरलेल्यांनी कोपरा न कोपरा पाहिला. कुजलेल्या फळ्या होत्या, गाळ होता. ठोके मारता येतील अशी हातोडी, गज, दगड... काहीच सापडलं नाही.

त्याच आठवड्यात मी पोलीस ठाण्यात नवा जबाब लिहून दिला. भैय्यालाल प्यायले नव्हते, वरचा माणूस कंपनीने हलवला, माझी आधीची सही खोटी आहे. नोकरी गेली. गेली तर गेली. जबाबाची नक्कल घेऊन मी शांताकाकूंकडे, भैय्यालालकाकांच्या बायकोकडे गेलो.

त्यांनी कागद दोनदा वाचला. मग मी टाकीतलं सगळं सांगितलं. वाटलं, रडतील, नाहीतर मला घराबाहेर काढतील.

"दोन ठोके म्हणजे 'आहे' न?" काकूंनी विचारलं.

"हव, काकू."

"मंग वर काहून नाही काढलं त्याईले?"



टाकी आता भरलेली आहे. आठही मजल्यांवर लोक राहायला आले आहेत. झाकणावर तीन ठोके मारून पुन्हा कोणी पाहिलेलं नाही.

मीसुद्धा नाही.