यादीत नसलेला दीर

"वहिनी, चल, आज तुला मीच सोडतो. मला त्याच बाजूला काम आहे," धाकटा स्कूटरची किल्ली बोटाभोवती फिरवत म्हणाला, आणि वहिनीच्या हातातला जेवणाचा डबा पडता पडता राहिला.

काय सांगणार होती ती त्याला? की बाबा रे, जिथं तू मला सोडणार आहेस तिथं माझं आता काही उरलेलं नाही... चोवीस दिवस झाले, इस्पितळाच्या शिवणखोलीतलं माझं मशीन दुसरीच कुणीतरी चालवते आहे? चोवीस दिवस ती रोज साडेआठला डबा घेऊन घराबाहेर पडत होती, वाचनालयात पेन्शनरांच्या रांगेत बसून एकच वर्तमानपत्र उलटसुलट वाचत होती आणि संध्याकाळी दमल्याचं सोंग घेऊन परतत होती. सोंग तरी कसलं, खरंच दमत होती बिचारी. कामापेक्षा भीतीच माणसाला जास्त दमवते.

"कशाला उगीच पेट्रोल जाळतोस? जाईन मी चालत."

"चालत? परवा आपल्या घराचे कागद व्हायचेत. आता जरा तोऱ्यात राहायला शिक."

दारात उभी असलेली जाऊ हसली. "बसा हो जाऊबाई. मला नाही कधी असं आग्रह करून सोडलं यांनी."

वहिनी बसली. दुसरं करणार काय?

ती सून म्हणून आली तेव्हा धाकटा नऊ वर्षांचा होता. सासू-सासरे आधीच गेलेले, आणि लग्नाला तीन वर्षं होतात न होतात तोच नवऱ्यानंही डोळे मिटले. लोक म्हणाले, जा बाई माहेरी, तुला इथं कुणी बांधून ठेवलंय? बांधून ठेवणारं एकच होतं, आणि ते अंधाराला घाबरून रोज तिचं बोट मुठीत घट्ट धरून झोपायचं. ती राहिली. फाटक्या चादरी शिवत, त्यांच्या कोपऱ्यावर लाल दोऱ्यानं वॉर्डचा नंबर घालत तिनं सव्वीस वर्षं काढली, त्याला शिकवलं, त्याचं लग्न करून दिलं. आणि आता जन्मभराच्या भाड्याच्या खोल्यांनंतर त्याला स्वतःचं घर मिळत होतं... फक्त सुरुवातीला भरायची रक्कम काही केल्या जमत नव्हती. रोज त्याचं उतरलेलं तोंड बघून तिच्या काळजाचं पाणी पाणी व्हायचं.

म्हणून ती गुपचूप फंडाच्या कचेरीत गेली. म्हातारपणासाठी पगारातून कापून ठेवलेले तिचे पैसे तिथं होते, आणि घरासाठी ते आधी काढता येतात असं तिनं ऐकलं होतं.

"घर कुणाचं?" खिडकीतल्या कारकुनानं विचारलं.

"दिराचं."

त्यानं यादीवरून पेनाचं टोक खाली खाली नेलं. "स्वतःचं, नवऱ्याचं, मुलांचं, आई-वडिलांचं. दीर यादीत नाही, ताई. आमच्या लेखी तो 'इतर'."

"अहो, मी वाढवलंय त्याला."

"असेल हो. पण नियम तो नियम." माणूस वाईट नव्हता. आवाज उतरवून म्हणाला, "नोकरीच सोडलीत तर मात्र सगळी रक्कम तुमची. मग कुणासाठी काढली, कुणी विचारत नाही."

निवृत्तीला चार वर्षं होती. तिनं राजीनामा दिला आणि घरी येऊन थाप मारली, "तुझ्या दादानं विम्याचे ठेवले होते, तुझ्याच घरासाठी."

त्याच संध्याकाळी जाऊ नव्या घराचा नकाशा जमिनीवर पसरून त्यात पेन्सिलीनं सामान मांडत बसली होती. इथं कपाट, इथं जेवणाचं टेबल, इथं आमचा पलंग. वहिनीनं वाकून पाहिलं. पुन्हा पाहिलं. तिची खाट कुठंच नव्हती... तेव्हापासून तिच्या मनात भीती जी बसली ती बसलीच. फंड गेला, पगार गेला, आता आपण म्हणजे खायला एक तोंड! ते तोंड यांनी कुठं ठेवायचं?

स्कूटर इस्पितळाच्या फाटकाशी थांबली. वहिनी घाईनं उतरली. "जा तू, उशीर होईल." पण धाकटा हलेना, आणि तेवढ्यात पहारेकऱ्यानं तिला ओळखलं.

"काय ताई, करमत नाही वाटतं घरी? नोकरी सोडून महिना नाही झाला, तर आलात परत?"

धाकट्यानं स्कूटर बंद केली. पहारेकऱ्याकडं पाहिलं, डब्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं. हिशेबाला त्याला फार वेळ लागला नाही.

"विमा नव्हता," तो हळूच म्हणाला.

"नव्हता रे."

"आणि रोज डबा घेऊन कुठं जात होतीस?"

तिनं सांगितलं. सांगता सांगता तिचा बांध फुटला, वाचनालय, यादी, नकाशा, सगळं भडाभडा बाहेर आलं. "नव्या घरात मला जागा आहे का, हे विचारायचीच भीती वाटली, धाकट्या. तू नाही म्हणालास तर मी जाणार कुठं?"

"एवढी भीती वाटत होती तर पैसे का दिलेस?"

"तुला घर मिळालं नाही तर... ती भीती त्याहून मोठी होती."

धाकटा तिथंच फाटकाशी, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर लहान मुलासारखा रडला.

घरी गेल्यावर जावेनं सगळं ऐकलं आणि नकाशा आणून वहिनीच्या मांडीवर आदळला. तिचेही डोळे भरले होते, पण जीभ होती तशीच होती. "तुमची खाट मी मांडायची? ओट्यावर डबे कुठं ठेवायचे तेही तुम्ही मला कधी ठरवू दिलं नाहीत. म्हटलं, आपली जागा स्वतःच निवडतील. ही घ्या पेन्सिल. आधी तुमची काढा, मग आमची सरकवू."

वहिनीनं एका कोपऱ्यात खाट काढली, अगदी लहानशी, कुणाच्या वाटेत न येणारी.

दोन दिवसांनी नोंदणीच्या कचेरीत धाकट्यानं मालकांमध्ये तिचंही नाव घालायला सांगितलं. कारकुनानं मान वर न करता विचारलं, "या तुमच्या कोण?"

"वहिनी."

"या रकान्यात तसं नातं नाही. 'इतर' टाकतो."

वहिनीला फंडाच्या कचेरीतली ती खिडकी आठवली. "टाका हो," ती घाईघाईनं म्हणाली, "चालेल मला."

"मला नाही चालणार," धाकटा शांतपणे म्हणाला. "हातानं लिहा, 'वहिनी'. रकान्यात मावत नसेल तर समासात लिहा. मी त्याच्याखाली सही करतो."

कारकुनानं सुस्कारा टाकला, साहेबांना विचारून आला आणि पेनाचं टोपण काढलं. तो लिहीत असताना वहिनीचं लक्ष खाली गेलं. धाकट्याचं बोट तिनं मुठीत घट्ट धरलं होतं, केव्हापासून कुणास ठाऊक. त्यानं ते सोडवून घेतलं नव्हतं.