थोरल्या सुनेचा हक्क

"थोरली सून मी आहे आई, आणि देव धाकटीच्या हाती!... यंदा घट मी बसवणार, नाहीतर या घरात घट बसणार नाहीत!"

मुक्ताबाईंनी ताम्हन ओढून घेतले. देवांचे टाक उजळत बसलेली सुनीती उठली आणि खिडकीशी जाऊन बसली.

पावणेदोन वर्षांपूर्वी कराची सोडताना बोटीवर सासूबाईंनी देवांचे गाठोडे सुनीतीच्या ओटीत घातले, तेव्हापासून मुक्ताबाईंच्या अंतःकरणात असूया धुमसत होती! सदाशिव पेठेतल्या या दोन खोल्यांत निर्वासितांचा संसार उभा केला तो त्यांनी, रेशनच्या रांगेत ताटकळल्या त्या, आणि रोज सोवळ्यात देवांपुढे बसायचा मान मात्र धाकटीला... का? तिचा नवरा दंग्यात गेला म्हणून?... असे मनात आले की त्यांची त्यांनाच लाज वाटे, पण जळणे काही थांबत नसे.

घट बसले. चार माळा झाल्या. सुनीती ना धड जेवली, ना कुणाशी बोलली. पाचव्या दिवशी पाहतात तो सासूबाई उंबऱ्यातच ठाण मांडून बसलेल्या!

"पहारा कुणावर म्हणायचा?" मुक्ताबाईंनी टोमणा मारला.

"सुनीतीवर!" सासूबाईंनी आवाज खाली आणला. "दोनदा आडाकडे निघाली होती सकाळपासून... बोटीवरही कठड्यापासून मागे ओढली होती गं तिला. म्हणून देव ओटीत घातले. म्हटलं, देवांसकट काही ही उडी घ्यायची नाही!"

"अहो, मग मला का नाही सांगितलंत?"

"तू तिची कीव केली असतीस. सगळं जग करतंच आहे... तू एकटी तिचा हेवा करायचीस. आपल्याजवळ हेवा करण्याजोगं अजून काही उरलंय, असं वाटायचं पोरीला!"

मुक्ताबाई आत वळल्या. मग डोळे पुसून, आवाजाला मुद्दाम धार लावून, त्यांनी फुलांची परडी सुनीतीपुढे आदळली.

"आजची माळ तू बांध. देवही आजपासून तुझ्याकडेच."

"वहिनी, मी?... बायका नावं ठेवतील."

"ठेवू देत! पेठेत दुसरा उद्योग काय आहे? पण नीट ऐक, हक्क माझाच आहे. पुढच्या वर्षी देव परत घेतल्याशिवाय राहायची नाही मी!"

सुनीतीने मान वर केली. परडी हलकेच मांडीवर ओढली.

"नाही द्यायची मी," ती म्हणाली.

"बघतेच!" म्हणत मुक्ताबाई लगबगीने स्वयंपाकघरात गेल्या, आणि तोंडात पदराचा बोळा कोंबून ओक्साबोक्शी रडल्या.